चाचणीत ४८, समुद्रात ९५: एका बोटीच्या इंजिनाचं प्रकरण

देवगडच्या एका ट्रॉलरचं इंजिन मासेमारीबंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या दरम्यान, कोल्हापूरच्या उद्यमनगरात फुल इंजिन कामासाठी आलं होतं. सहा सिलिंडरचं, सुमारे शंभर अश्वशक्तीचं. मूळ जात ट्रकची, पण पाणी गार करायला रेडिएटरऐवजी हीट एक्स्चेंजर आणि खाऱ्या पाण्याचा वेगळा पंप लावून बोटीसाठी तयार केलेलं. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं सगळं नवं पडलं. हेड घासून घेतलं. चाचणी झाली, इंजिन पास झालं, ट्रकात बसून फोंडा घाटानं खाली गेलं आणि हंगाम सुरू झाल्यावर तापायला लागलं.

मालकाचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "ह्या कोल्हापुराक जाऊन इला आणि तापाक लागला." वर्कशॉपचं म्हणणंही एकाच वाक्याचं: "आमच्याकडं तासभर फुल लोडपर्यंत चाललंय, काटा पन्नाशीच्या वर गेला न्हाई, आता बोटीत तुमी काय केलंय ते बघा." दोघंही खरं बोलत होते. म्हणूनच प्रकरण चिघळलं. मी कोल्हापुरात इंजिन तपासणीचं काम करतो आणि दोन्हीकडच्यांच्या ओळखीचा आहे. तिऱ्हाईत म्हणून मला बोलावलं तेव्हा ऑक्टोबर लागला होता आणि मालकाचे बरेच पैसे खर्चून झाले होते.

ते पैसे कशावर गेले ते आधी सांगतो, कारण तापणाऱ्या इंजिनाचे पैसे बहुतेक वेळा असेच जातात. पहिल्यांदा खाऱ्या पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, बदललं. जुन्याची दोन पाती तुटलेली होती, त्यामुळे सगळ्यांना वाटलं सापडलं. फरक पडला नाही. मग हेडर टँकचं, म्हणजे इंजिनाचं गोडं पाणी भरायच्या टाकीचं, झाकण नवं आणलं. मग एक्स्चेंजरमध्ये ॲसिड फिरवलं. हिरवट पाणी भरपूर निघालं, बघणाऱ्यांचं समाधान झालं, काटा मात्र होता तिथेच. शेवटी बंदरावरच्या एका जाणकारानं हेड गॅसकेट, म्हणजे हेडखालची सांधा बंद ठेवणारी पट्टी, गेल्याचं निदान केलं आणि हेड उतरवायची तयारी सुरू झाली. नेमकं तेव्हा मालकाच्या भाच्यानं त्याला थांबवलं आणि मला फोन केला. त्या पोराचे आभार मानले पाहिजेत. बरं चाललेलं हेड जेट्टीवर, वाळू आणि खारं पाणी उडत असताना उतरवलं असतं, तर एकाची तीन दुखणी झाली असती.

मी फोनवर विचारलेले प्रश्न कुठल्याही इंजिनाला लागू पडतात. तापतं म्हणजे किती, आणि पूर्वी किती असायचं? पूर्वी ८०-८२, जाळं ओढताना फार तर ८४. आता मोकळं चालतानाच ९५, आणि जाळं टाकलं की शंभराकडे निघतं, मग तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, रेव्ह कमी करतो. चढून एका जागी थांबतं की चढतच राहतं? रेव्ह तेवढेच ठेवले तर थांबतं. पाणी कमी होतं का? नाही. हेडर टँकमध्ये बुडबुडे येतात का, सकाळी गार इंजिन चालू केल्या केल्या वरचा पाइप फुगून टणक होतो का? नाही. तेल दुधाळ झालं का? नाही. एवढ्यावर हेड गॅसकेटचा संशय मी बाजूला ठेवला. फुटलेलं गॅसकेट सिलिंडरमधला वायू पाण्यात ढकलतं, आणि वायू पाण्यात शिरला की पाणी बाहेर पडल्याशिवाय राहत नाही. महिना दीड महिना थेंबही कमी होत नसेल, तर गॅसकेटला दोष देण्यात अर्थ नाही.

पुढचा प्रश्न: फुल ॲक्सिलरेटरला इंजिन पूर्वीएवढे फेरे घेतं का? घेतं. म्हणजे बोट ढकलणारा पंखा बदललेला नाही, बुडाला कालवं-शिंपले फार लागलेले नाहीत, इंजिनावर जादा बोजा नाही. पंखा मोठा पडला किंवा बूड खरबरीत झालं, तर इंजिन आपले पूर्ण फेरे गाठू शकत नाही, काळा धूर सोडतं आणि तापतं. तशी इंजिनंही पाहिली आहेत, पण हे त्यातलं नव्हतं.

शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. जेट्टीला बांधून आयडलवर ठेवलं तर काटा कुठे असतो?

"आयडलाक काय नाय. पंचावनच्या वर जाणाच नाय. थंडगार."

तांडेलानं हे कौतुकानं सांगितलं, म्हणजे इंजिनात तसा दोष नाही एवढंच त्याला म्हणायचं होतं. मला मात्र इथेच खटकलं. ज्या इंजिनाचा काटा ८० ला असायला हवा, ते आयडलवर अर्धा-अर्धा तास चालून ५५ ला थांबत असेल, तर ते निरोगी नाही. थर्मोस्टॅटचं, म्हणजे तापमानावर उघडणाऱ्या पाण्याच्या झडपेचं, काम नुसतं गरम पाणी सोडायचं नसतं, गार असताना अडवायचंही असतं. आयडलवर गार आणि लोडवर गरम, या दोन तक्रारी एकाच घरातून येऊ शकतात. पण फोनवर निदान सांगायची माझी पद्धत नाही. मी भाच्याला सांगितलं, हेडला हात लावू नका, आणि उद्यमनगरात गेलो.

तिथे मला चाचणीचा कागद बघायचा होता. वर्कशॉपवाल्या अण्णांनी तो आनंदानं दाखवला, कारण त्यांचा सगळा बचाव त्याच कागदावर होता. इंजिनावर बोजा टाकणाऱ्या पाण्याच्या ब्रेकवर इंजिन जोडलेलं, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण लोड, दर पंधरा मिनिटांनी नोंद. तेलाचा दाब उत्तम. धूर साफ. पाण्याचं तापमान: ४४, ४६, ४८, ४८.

"बघा की सर, कसं गार चाललंय!"

मी विचारलं, "एवढं गार का चाललंय?"

अण्णा गप्प झाले. त्यांच्याच काय, कुणाच्याच डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. उद्यमनगरातली चाचणीची पद्धत ऑइल इंजिनांच्या काळापासूनची आहे. जमिनीखाली मोठी टाकी, त्यात बोअरचं पाणी, इंजिनाचा पंप टाकीतून पाणी ओढतो आणि गरम झालेलं पाणी परत टाकीत सोडतो. विहिरीवर बसून उसाला पाणी देणाऱ्या इंजिनाला ते बरोबर होतं, कारण शेतातही त्याला विहिरीचं गार पाणीच मिळायचं. पण बोटीच्या इंजिनाला टाकी नसते. त्याच्या पोटात तेच तेच गोडं पाणी फिरत असतं, ते एक्स्चेंजरमधल्या नळ्यांवरून जातं आणि नळ्यांतून समुद्राचं पाणी वाहतं. म्हणजे चाचणीत इंजिन जोडलं होतं, पण त्याची गार करायची यंत्रणा जोडलीच नव्हती. आणि तरीही, टाकीचं पाणी कितीही गार असलं, थर्मोस्टॅट जागेवर असता तर इंजिनातून बाहेर पडणारं पाणी सत्तरच्या खाली राहिलं नसतं. थर्मोस्टॅटनं ते रोखून धरलं असतं. ४८ हा आकडा सांगत होता की रोखणारं कुणी नाही.

मिस्त्रींना विचारलं. ते चाळीस-एक वर्षं इंजिनं बांधणारे गृहस्थ. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

"काढलाय की. अर्धाच उघडत हुता. नवा मिळंना. आन ट्रकाला आमी कवाच काढतोय. पाणी मोकळं फिरतंय मग."

महाराष्ट्रातल्या निम्म्या गॅरेजांत हे उत्तर मिळेल, आणि ते सरसकट चूक नाही. म्हणूनच ते टिकून आहे. थर्मोस्टॅटचे ढोबळ दोन प्रकार असतात. पहिल्यात मेणाच्या कांडीवर चालणारी एकच झडप असते; गार असताना ती बंद, गरम झाल्यावर उघडी. हा काढला तर इंजिन नेहमी गार राहतं, डिझेल थोडं जास्त जातं, सिलिंडर लवकर झिजतात, पण तापत नाही. उन्हाळ्यात सोलापूरकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याला ते परवडतं. दुसऱ्या प्रकारात मेणाच्या त्याच कांडीच्या खालच्या टोकाला आणखी एक चकती असते. पंपातून इंजिनात आलेल्या पाण्याला परत पंपाकडे जायला इंजिनाच्या आतच एक आडवाट ठेवलेली असते, तिला बायपास म्हणतात. इंजिन गार असताना सगळं पाणी या आडवाटेनं फिरतं, त्यामुळे इंजिन सगळीकडे सारखं आणि लवकर गरम होतं. गरम झाल्यावर वरची झडप उघडते आणि त्याच हालचालीनं खालची चकती आडवाटेच्या भोकावर जाऊन बसते. आता सगळ्या पाण्याला एक्स्चेंजरमधून जावंच लागतं.

हे इंजिन दुसऱ्या प्रकारचं होतं. थर्मोस्टॅट काढला म्हणजे वरची वाट मोकळी झाली, यात वाद नाही. पण खालचं भोकही कायमचं उघडं राहिलं. आणि पाणी एक्स्चेंजरच्या लांब, चिंचोळ्या वाटेपेक्षा जवळचं भोक पसंत करतं.

वर्कशॉपमध्ये त्याच मॉडेलचं एक रिकामं हाउसिंग, म्हणजे थर्मोस्टॅट ज्यात बसतो ती पेटी, पडलं होतं. मिस्त्रींनी त्यात वरून नळी धरली, पाणी खालच्या भोकातून भसाभसा जमिनीवर आलं. मग एक चालू थर्मोस्टॅट उकळत्या पाण्यात धरून पूर्ण उघडवला आणि पकडीनं चटकन हाउसिंगमध्ये बसवला. चकती भोकावर बसली, पाणी वरच्या तोंडातून वाहायला लागलं. मिस्त्री थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे पाटाला मधीच भगदाड. टोकाच्या सरीला पाणी पोचायचं कसं?" यापेक्षा नेमकं वर्णन मला करता आलं नसतं.

इथे थांबून नवा थर्मोस्टॅट कुरिअरनं पाठवला असता तरी काम झालं असतं, असं वाटेल. अण्णांचा आग्रह तोच होता. पण आधीच इम्पेलर, झाकण आणि ॲसिड या तिन्ही वेळी "सापडलं" म्हणून झालं होतं. हा चौथा अंदाज ठरायला मला नको होता. शिवाय आयडलवर गार आणि लोडवर गरम याला आणखी एक कारण असू शकतं: थर्मोस्टॅट असतो, पण उघडा अडकलेला असतो, आणि त्याच वेळी एक्स्चेंजर घाणीनं भरलेला असतो. उघड्या अडकलेल्या थर्मोस्टॅटची चकती भोकावर बसलेलीच असते, म्हणून तो एकटा इंजिन तापवत नाही; पण घाण एक्स्चेंजरच्या जोडीला तो आला की लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात. आपल्या इंजिनात थर्मोस्टॅट नाही हे आता कळलं होतं. एक्स्चेंजर किती भरलेला आहे हे कळलं नव्हतं. ते मोजूनच कळतं. मी आणि मिस्त्री राधानगरी-दाजीपूरवरून देवगडला उतरलो. मिस्त्रींनी जन्मात इतकी इंजिनं समुद्रावर पाठवली होती, पण चालत्या ट्रॉलरवर पाय ठेवायची त्यांची पहिलीच वेळ.

सोबत नेलं ते थोडकं: लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक, काळी चिकटपट्टी, वीस लिटरचा कॅन, मोबाइलचं घड्याळ. काळी पट्टी कशाला ते सांगायला हवं, कारण ही बंदूक हल्ली प्रत्येकाकडे असते आणि प्रत्येकजण तिच्यावर आंधळा विश्वास ठेवतो. चकचकीत तांब्या-पितळेच्या पाइपावर ती खूप कमी तापमान दाखवते, कारण चकाकणारा धातू स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही आणि बंदुकीला आजूबाजूचं प्रतिबिंब दिसतं. म्हणून जिथे जिथे मोजायचं तिथे काळी पट्टी चिकटवायची आणि नेम पट्टीवर धरायचा. तरी आतल्या पाण्यापेक्षा दोन-तीन अंश कमीच येतात. पण सगळीकडे एकाच पद्धतीनं मोजलं तर दोन ठिकाणांमधला फरक खरा येतो, आणि निदान फरकावरच करायचं असतं.

पहिलं काम काटा खरा बोलतो का ते पाहणं. पट्टीवर ९२, काट्यावर ९५. काटा खरा होता. नसता तर सगळं प्रकरण एका साध्या सेन्सरवर मिटलं असतं, आणि तसंही पुष्कळदा होतं.

मग खारं पाणी. या बोटीचा धूर कोरड्या पाइपनं वर जातो आणि खारं पाणी बाजूच्या वेगळ्या तोंडातून बाहेर पडतं, हे आमचं नशीब. धुरात पाणी मिसळणारी मांडणी असती तर ते मोजणं अवघड झालं असतं. बोट जेट्टीला बांधलेली ठेवून, गिअर न टाकता १८०० फेऱ्यांवर इंजिन चालवलं. खाऱ्या पाण्याचा पंप इंजिनालाच जोडलेला असल्यानं तो किती पाणी देतो हे फेऱ्यांवर ठरतं, बोट चालते की नाही यावर नाही. वीस लिटरचा कॅन बारा सेकंदांत भरला. मिनिटाला शंभर लिटर. तळाचा व्हॉल्व्ह, गाळणी, इम्पेलर, सगळे यात पास झाले; एकेक उघडून बघायची गरज राहिली नाही.

नंतर बोट खाडीबाहेर काढली, त्याच १८०० फेऱ्यांवर काटा स्थिर होईपर्यंत चालवली आणि चार ठिकाणी मोजलं. खारं पाणी एक्स्चेंजरमध्ये शिरताना २८, बाहेर पडताना ३५. गोडं पाणी एक्स्चेंजरमध्ये शिरताना, काट्याशी जुळवून घेतलेला आकडा ९५. बाहेर पडताना ७६.

पुढचं गणित शाळेतलं आहे. मिनिटाला शंभर लिटर खारं पाणी सात अंशांनी तापलं, म्हणजे त्यानं इंजिनातून सुमारे ४८ किलोवॉट उष्णता उचलली. डिझेल इंजिनात शाफ्टवर जितकी शक्ती जाते त्याच्या थोडी खाली-वर एवढी उष्णता गार करायच्या पाण्यात जाते. या फेऱ्यांवर या इंजिनासाठी हा आकडा अगदी जसा असावा तसा आहे. म्हणजे इंजिन जास्त उष्णता तयार करत नव्हतं. लायनर, रिंगा, टायमिंग, मिस्त्रींची सगळी बांधणी निर्दोष होती. समुद्र त्याच्या वाटणीची उष्णता नेतही होता.

हीच ४८ किलोवॉट उष्णता गोड्या पाण्यानं आणून दिलेली. ते पाणी मात्र १९ अंशांनी उतरलं होतं. एवढी उष्णता देऊन १९ अंश उतरायचं तर पाणी मिनिटाला फक्त ३६-३७ लिटर वाहत असलं पाहिजे. इंजिनाचा पंप या फेऱ्यांवर शंभराच्या पुढे पाणी फिरवतो. बाकीचं दोन तृतीयांश कुठे होतं? भोकातून परत पंपाकडे, ९५ अंशांचं ९५ अंशांवरच.

एक्स्चेंजर घाणीनं भरला असता तर आकडे वेगळे आले असते. गोडं पाणी पूर्ण वाहिलं असतं आणि सहा-सात अंशांनीच उतरलं असतं. फक्त दोन्ही टोकांना ते खूप गरम असतं. एक्स्चेंजरमध्ये गोडं पाणी किती उतरतं एवढा एकच आकडा या दोन दुखण्यांना वेगळं करतो, आणि तो घ्यायला एकही बोल्ट सैल करावा लागत नाही. ॲसिडवर खर्च करण्याआधी कुणीतरी हे दोन पाइप हातानं जरी चाचपले असते, तरी येणारा भाजतोय आणि जाणारा त्या मानानं बराच निवलेला, हे कळलं असतं.

संध्याकाळी जेट्टीवर परत आल्यावर नवा थर्मोस्टॅट बसवला. त्याआधी तो चहाच्या टपरीवर पातेल्यात, दोऱ्याला टांगून, तळाला टेकू न देता तपासला. ७१ चा शिक्का होता. ७१-७२ ला हलायला लागला, त्र्याऐंशीच्या आसपास पूर्ण उघडला. नवा भागही तपासूनच बसवावा, पाकिटातून निघालेला बंद थर्मोस्टॅट मी पाहिलेला आहे. टपरीवाल्यानं पातेलं परत घ्यायला नकार दिला, ते मिस्त्रींनी विकत घेतलं.

बसवताना चकती भोकावर नीट येते का हे मिस्त्रींनी बोट घालून पाहिलं, कारण त्याच मापाचा पण आखूड कांडीचा थर्मोस्टॅटही बाजारात मिळतो. तो हाउसिंगमध्ये बसतो, उघडतोही, फक्त चकती भोकापर्यंत पोचत नाही. तो घातला असता तर पुन्हा तेच झालं असतं आणि या वेळी "थर्मोस्टॅट तर नवा आहे" म्हणून कुणी तिकडे पाहिलंही नसतं.

मग पाणी भरणं. मालकानं इतके दिवस साधं विहिरीचं पाणी वापरलं होतं. कोकणात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, हा प्रश्न बंदरावर प्रत्येकजण विचारतो. गोठण्याशी याचा संबंध नाही. ओल्या लायनरच्या, म्हणजे ज्याला बाहेरून थेट पाणी लागतं त्याच्या, बाहेरच्या अंगाला, पिस्टनच्या धक्क्यांनी सूक्ष्म बुडबुडे फुटून खड्डे पडतात. कूलंटमधली रसायनं तिथे एक पातळ थर धरून ते रोखतात. साध्या पाण्यात लायनर आरपार भोक पडलेलं मी पाहिलं आहे. निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी असं मिश्रण भरलं, एक्स्चेंजरच्या वरचा हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत थांबलो, झाकण उघडं ठेवून आयडलवर चालवलं, पातळी उतरली तशी पुन्हा भरली. हवा राहिली तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं, कारण थर्मोस्टॅटच्या कांडीला पाण्याऐवजी वाफेची टोपी मिळते आणि ती वेळेवर उघडत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच १८०० फेरे, तीच चार ठिकाणं. आयडलवर काटा ७१-७२, तांडेलाला तो "जास्त" वाटला आणि त्याची समजूत घालावी लागली. मोकळ्या चालीत खारं पाणी पूर्वीसारखंच २८ ते ३५. गोडं पाणी ८३ ला शिरलं, ७६ ला बाहेर आलं. सात अंशांचा उतार. सगळं पाणी योग्य वाटेनं चाललं होतं. उष्णता तेवढीच, समुद्र तोच, एक्स्चेंजर तोच, आणि काटा बारा अंश खाली.

जाळं टाकल्यावर तो ८८ पर्यंत गेला आणि तिथे थांबला. मालक खूश होता. मी तेवढा नव्हतो, कारण त्यानंच सांगितलं होतं की पूर्वी जाळं ओढताना ८४ च्या वर कधी जात नसे. हे चार अंश थर्मोस्टॅटचे नाहीत, तो तेव्हा पूर्ण उघडा होता आणि उतारही बरोबर होता. हे एक्स्चेंजरचे आहेत. इम्पेलरची तुटलेली दोन पाती कुणालाच सापडली नव्हती. पंपातून सुटलेलं रबर पुढे एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी जाऊन अडकतं, आणि ॲसिड चुना-खवले विरघळवतं, रबर नाही. एक्स्चेंजरला गंजापासून वाचवायला स्वतः झिजणारी झिंकची कांडी उघडून पाहिली तर ती पेन्सिलच्या टोकाएवढी उरली होती. ती तिथल्या तिथे बदलली. नळ्यांचा गठ्ठा मात्र बाहेर ओढायचा तर दोन्ही बाजूंची झाकणं, रबरी रिंगा आणि दोन दिवस लागतात. हंगाम जोरात होता. ८८ ला इंजिनाला धोका नाही. पाण्याच्या बंद फेऱ्यात अर्धा बार दाबाचं झाकण असेल तर पाणी ११० च्या पुढे उकळतं, मध्ये पुरेशी जागा आहे. मी मालकाला एवढंच सांगितलं की जाळं ओढताना काटा ९२ ओलांडायला लागला तर जूनची वाट पाहू नये.

पैशाचा निकाल उद्यमनगरातच लागला. मालक कोल्हापूरला आला, अण्णांच्या केबिनमध्ये तिघं बसलो. थर्मोस्टॅट, कूलंट, आमचं जाणं-येणं वर्कशॉपनं सोसलं. ॲसिड आणि झाकण मालकाचं. इम्पेलरचा खर्च कुणी द्यायचा यावर थोडी वादावादी झाली, पण पाती आधीच तुटलेली होती हे मालकानं मान्य केलं. अण्णांनी चाचणीच्या पद्धतीत एक बदल केला आहे: बोटीचं इंजिन आलं की त्याचा स्वतःचा एक्स्चेंजर जोडूनच चालवायचं, आणि खाऱ्या पाण्याच्या जागी टाकीचं पाणी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, इथे हवा थोडी विरळ, इंजिन पूर्ण ताकद देत नाही आणि टाकीचं पाणीही समुद्रापेक्षा गार, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. पण काटा ७१ ला थांबत नसेल तर ते आता तिथेच दिसेल. चाचणीच्या कागदावर पाण्याच्या रकान्यात पूर्वी फक्त वरची मर्यादा छापलेली असे. मिस्त्रींनी पेननं खालचीही लिहिली आहे.

जूनमध्ये एक्स्चेंजर काढून कोल्हापूरला पाठवायचं ठरलं आहे. रबर आत आहे की नाही ते तेव्हा कळेल.